विश्लेषण : स्टोनहेंजखालचा बोगदा रद्द झाला, पण तो मुळातच चुकीचा का होता?

जुलै २०२४ च्या अखेरीस नवी दिल्लीच्या भारत मंडपममध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीचे अधिवेशन सुरू होते. भारत पहिल्यांदाच या अधिवेशनाचा यजमान होता. समितीपुढच्या विषयांमध्ये इंग्लंडमधील स्टोनहेंजचाही विषय होता. या प्रागैतिहासिक परिसरातून चौपदरी रस्ता आणि बोगदा नेण्याची योजना असल्यामुळे त्याचे नाव ‘धोक्यातील वारसा’ यादीत टाकावे, असा मसुदा समितीपुढे होता. समितीने तो मान्य केला नाही.

अधिवेशन संपण्याआधीच, २९ जुलै रोजी, लंडनमध्ये नव्या सरकारच्या अर्थमंत्री रेचेल रीव्हज यांनी संसदेत हा प्रकल्पच रद्द करत असल्याचे जाहीर केले. कारण काय दिले? पाच हजार वर्षांचा वारसा? नाही. सरकारी हिशेबात २२ अब्ज पौंडांचे भगदाड आहे, हे.

थोडक्यात, स्टोनहेंजचा परिसर वाचला, पण ज्या कारणासाठी वाचायला हवा होता त्या कारणासाठी वाचला नाही. पैशासाठी थांबलेला प्रकल्प पैसा आला की पुन्हा उभा राहू शकतो. म्हणूनच हा बोगदा महाग होता एवढ्यावर न थांबता तो चुकीचा होता का, हे नीट समजून घ्यायला हवे. माझे उत्तर स्पष्ट आहे : होय, चुकीचा होता. का, ते पाहू.

स्टोनहेंज म्हणजे फक्त दगडांचे वर्तुळ नाही

आपल्यापैकी बहुतेकांनी स्टोनहेंज पाहिले आहे ते फोटोत किंवा संगणकाच्या वॉलपेपरवर. हिरवे माळरान, उभे प्रचंड दगड आणि त्यांवर आडव्या ठेवलेल्या शिळा. दक्षिण इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, सॅलिसबरीच्या पठारावर हे स्मारक आहे. सुमारे ५ हजार वर्षांपूर्वी येथे गोल चर आणि मातीचा बांध तयार झाला. पुढे सुमारे ४ हजार ५०० वर्षांपूर्वी मोठे ‘सार्सन’ दगड उभे राहिले. त्यांचे सरासरी वजन २५ टनांच्या आसपास आहे. लहान ‘ब्लूस्टोन’ दगड वेल्समधून, २०० किलोमीटरहून अधिक अंतरावरून आणले गेले. मधली ‘ऑल्टर स्टोन’ नावाची शिळा तर थेट स्कॉटलंडच्या ईशान्य भागातली असल्याचे संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. हे अंतर सुमारे ७५० किलोमीटर आहे.

पण १९८६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंद केली ती केवळ या वर्तुळाची नाही. ‘स्टोनहेंज, एव्हबरी आणि संलग्न स्थळे’ असे त्या नोंदीचे नाव आहे. त्यातला स्टोनहेंजचा भाग साधारण २५ चौरस किलोमीटरचा आहे. त्यात मिरवणुकीचा मानला जाणारा ‘अव्हेन्यू’ हा प्राचीन मार्ग, ‘कर्सस’ नावाची जवळपास तीन किलोमीटर लांबीची रचना, डरिंग्टन वॉल्स ही वस्ती आणि शेकडो दफनटेकड्या येतात. त्या काळच्या माणसांनी हे सगळे एकमेकांच्या संदर्भात उभारले. कोणत्या टेकडीवरून काय दिसते, उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य कुठून उगवतो आणि हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी कुठे मावळतो, याचा विचार या मांडणीत आहे.

मुद्दा लक्षात यावा म्हणून आपल्याकडचे उदाहरण घेऊ. रायगड म्हणजे फक्त राजसदर नव्हे. बालेकिल्ला, बाजारपेठ, तलाव, टकमक टोक आणि पायथ्याचे पाचाड मिळून रायगड होतो. उद्या कुणी म्हणाले, ‘राजसदरेला धक्काही लागणार नाही, फक्त टकमकच्या बाजूने थोडे कापू,’ तर आपण ते मान्य करू का? स्टोनहेंजच्या बाबतीत नेमका हाच युक्तिवाद सुरू होता.

योजना नेमकी काय होती?

लंडनकडून नैर्ऋत्य इंग्लंडला, म्हणजे डेव्हन आणि कॉर्नवॉलच्या दिशेने जाणारा ए-३०३ हा महत्त्वाचा रस्ता स्टोनहेंजच्या अगदी शेजारून जातो. दगडांपासून तो दोनशे मीटरही दूर नाही. इतरत्र बऱ्याच ठिकाणी तो चौपदरी आहे, पण येथे दोनपदरी होतो. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागतात.

यावर उपाय म्हणून एम्सबरी ते बेरविक डाउन या सुमारे १३ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण ठरले. त्यात सुमारे ३.३ किलोमीटरचा जुळा बोगदा, एम्सबरीजवळच्या चौकात उड्डाणपूल आणि विंटरबोर्न स्टोक गावाला वळसा घालणारा रस्ता होता. खर्चाचा जुना अंदाज १.७ अब्ज पौंड होता. पुढे हा आकडा २.५ अब्ज पौंडांपर्यंत गेल्याचे सांगितले जाऊ लागले.

कल्पना नवी नव्हती. २.१ किलोमीटरच्या बोगद्याची आधीची योजना खर्च वाढत गेल्याने डिसेंबर २००७ मध्ये गुंडाळली गेली होती. डिसेंबर २०१४ मध्ये ती नव्या रूपात परत आली. रद्द झालेला बोगदा परत येतो, हा इतिहास इथेच लक्षात ठेवावा.

दगड तर वरच राहणार होते, मग विरोध कशाला?

वरवर पाहिले तर प्रश्न रास्त आहे. रस्ता जमिनीखाली गेला तर आवाज जाईल, धूर जाईल, गाड्या दिसणार नाहीत. मग विरोध का? याचे उत्तर दोन आकड्यांत आहे.

ए-३०३ ज्या रेषेत जागतिक वारसा परिसर ओलांडतो, तिथे परिसराची रुंदी सुमारे ५.४ किलोमीटर आहे. बोगदा सुमारे ३.३ किलोमीटरचा. उरले २.१ किलोमीटर. या अंतरात रस्ता जमिनीखाली नसून उघड्यावर, चौपदरी आणि बराचसा खोल खोदलेल्या कृत्रिम खिंडीतून जाणार होता. म्हणजे बोगद्याची दोन्ही तोंडे संरक्षित परिसराच्या आतच उघडणार होती.

मी अभियांत्रिकीची पदवी घेतली आहे, पण हे समजायला पदवी लागत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून एकदा गेलेल्या कुणालाही हे समजेल. भाताण किंवा माडपचा बोगदा आठवा. बोगद्यात शिरण्याआधी दोन्ही बाजूंना कापलेला डोंगर लागतो. तो का कापावा लागतो? रस्ता एकदम खाली उतरू शकत नाही, चढ-उताराला मर्यादा असते. शिवाय बोगद्याच्या माथ्यावर पुरेशा जाडीचा खडक असल्याशिवाय खोदकाम सुरक्षितपणे सुरू करता येत नाही. म्हणून आधी उघडी खोदाई, मग तोंड आणि मग बोगदा. भाताणच्या डोंगरात निदान उंची आयती मिळते. सॅलिसबरीचे पठार लांबवर पसरलेले, सौम्य चढ-उतारांचे. तिथे खोली गाठायची तर खोदतच जावे लागते.

पश्चिमेकडच्या बाजूला अशी खिंड वारसा परिसराच्या आत सुमारे एक किलोमीटर लांब असणार होती. तिच्यावर एका ठिकाणी रुंद हिरवा पूल टाकून दोन्ही बाजू जोडण्याचे नियोजन होते, हे मान्य. पण पायात खोल जखम करून तिच्यावर एक पट्टी चिकटवली म्हणून जखम नाहीशी होत नाही.

‘बोगदा’ या शब्दाने केलेली दिशाभूल ही अशी. ऐकणाऱ्याला वाटते, सगळे जमिनीखाली. प्रत्यक्षात सर्वांत जास्त नुकसान बोगद्याच्या पोटात होत नाही, ते त्याच्या तोंडाशी होते.

जमिनीत काय होते, हे अजून कुणाला पूर्ण माहीत आहे का?

नाही. आणि हाच या प्रकरणातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे.

जून २०२० मध्ये ब्रॅडफर्ड विद्यापीठाचे व्हिन्सेंट गॅफ्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डरिंग्टन वॉल्सभोवती प्रचंड खड्ड्यांचे वर्तुळ सापडल्याचे जाहीर केले. एकेक खड्डा दहा मीटर किंवा त्याहून रुंद, पाच मीटर खोल, आणि वर्तुळाचा व्यास दोन किलोमीटर. यातले काही खड्डे नैसर्गिक असावेत का, यावर अभ्यासकांमध्ये वाद झाला. हे वर्तुळ बोगद्याच्या मार्गावरही नव्हते. तरी प्रश्न उरतोच : जगातल्या सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या प्रागैतिहासिक परिसरांपैकी एकात, २०२० साल उजाडेपर्यंत दोन किलोमीटर व्यासाची गोष्ट लक्षात येत नाही. मग ज्या पट्ट्यात खोल खोदाई करायची तिथे काय आहे आणि काय नाही, हे कोणत्या भरवशावर सांगायचे? या शोधामुळेच सरकारला निर्णय जुलैवरून नोव्हेंबर २०२० पर्यंत पुढे ढकलावा लागला होता.

दुसरे उदाहरण ब्लिक मीडचे. एम्सबरीजवळ, स्टोनहेंजपासून साधारण दोन किलोमीटरवर हे झऱ्याकाठचे ठिकाण आहे. डेव्हिड जॅक्स यांच्या नेतृत्वाखाली २००५ पासून येथे उत्खनन झाले. दगडी वर्तुळाच्या कितीतरी आधी, मध्याश्मयुगात, येथे माणसे हजारो वर्षे येत-राहत होती, हे त्यातून पुढे आले. ‘ऑरॉक्स’ या आता नामशेष झालेल्या रानटी बैलांची हाडेही सापडली. स्टोनहेंज नेमके याच माळावर का उभे राहिले, या प्रश्नाचा धागा या ठिकाणाशी जोडलेला असू शकतो.

ब्लिक मीडमधले अवशेष टिकले ते ओलाव्यामुळे. सतत पाणथळ जमिनीत हवा पोहोचत नाही, म्हणून हाडे आणि इतर सेंद्रिय गोष्टी लवकर कुजत नाहीत. शेजारी मोठे बांधकाम झाले आणि भूजलाची पातळी थोडी जरी बदलली, तरी हा ओलावा जाऊ शकतो. या भागातला खडक खडूच्या जातीचा, पाणी झिरपू देणारा आहे. तिथल्या पाण्याचे गणित बिघडणार नाही, असे सरकारी यंत्रणेचे म्हणणे होते. उत्खनन करणाऱ्यांना ते पटले नाही. अशा वादात चूक कुणाची, हे काम झाल्यावरच कळते. तोवर उशीर झालेला असतो.

तिसरी गोष्ट अगदी साधी आहे. या परिसरातल्या बऱ्याच जमिनी शेतीच्या आहेत. प्राचीन माणसांनी वापरलेली गारगोटीची हत्यारे, त्यांचे तुकडे आणि टवके मोठ्या प्रमाणात नांगरटीच्या वरच्या थरातच पडलेले असतात. ही माती यंत्राने सरसकट काढली, तर त्यातला थोडाच भाग चाळून पाहिला जातो. बाकीचा पुरावा मातीच्या ढिगाऱ्यात जातो. ‘आधी उत्खनन करू, मग रस्ता करू,’ हे आश्वासन ऐकायला चांगले आहे. पण उत्खनन म्हणजेही एकदाच वाचता येणारे पुस्तक. वाचता वाचता त्याची पाने फाटतात.

कोंडीत अडकणाऱ्यांचे काय?

बोगद्याला विरोध करणाऱ्यांनी या प्रश्नाकडे पाठ फिरवू नये. त्रास खरा आहे. या टप्प्यावरून रोज सरासरी २४ हजारांच्या आसपास वाहने जातात, आणि रस्त्याची क्षमता त्याच्या जवळपास निम्मी आहे. कोंडी झाली की गाड्या आजूबाजूच्या लहान गावांतून वाट काढतात. विंटरबोर्न स्टोक गावाच्या तर मधूनच हा महामार्ग जातो. तिथे राहणाऱ्यांना ‘पाच हजार वर्षांपूर्वीच्या दगडांसाठी आमच्या मुलांनी रस्ता ओलांडायचा नाही का?’ असे वाटले, तर त्यात गैर काही नाही.

शिवाय बोगद्याचे समर्थन केवळ रस्ते खात्याने केले असे नाही. स्मारकाची देखभाल करणारी इंग्लिश हेरिटेज, आजूबाजूची मोठी जमीन ज्यांच्याकडे आहे ती नॅशनल ट्रस्ट आणि सरकारची सल्लागार संस्था हिस्टॉरिक इंग्लंड या तिन्ही वारसा संस्था बोगद्याच्या बाजूने होत्या. त्यांचा मुद्दा असा : आजचा रस्ता परिसराचे दोन तुकडे करतो. दक्षिणेकडच्या दफनटेकड्यांकडे दगडांपासून सरळ चालत जाता येत नाही. गाड्यांचा आवाज अखंड येतो. बोगदा झाला तर मधला भाग पुन्हा एकसंध होईल.

हा युक्तिवाद प्रामाणिक आहे, पण अपुरा आहे. त्यात मध्यभागाच्या फायद्यासाठी कडांचा बळी दिला जातो. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तात्पुरत्या नुकसानीच्या बदल्यात कायमचे नुकसान पत्करले जाते.

डांबर उखडता येते, खिंड नाही

हा फरक समजण्यासाठी स्टोनहेंजचेच उदाहरण पुरेसे आहे. ए-३०३ शिवाय ए-३४४ नावाचा आणखी एक रस्ता दगडांना जवळजवळ खेटून जात होता. तो प्राचीन अव्हेन्यूला मधोमध कापत होता. २०१३ मध्ये तो बंद केला गेला. डांबर काढले, माती टाकली, गवत लावले. अभ्यागत केंद्र अडीच किलोमीटरच्या आसपास लांब हलवले. आज तिथे रस्ता होता हे नव्या माणसाला सांगावे लागते.

म्हणजे जमिनीवरचा रस्ता कितीही कुरूप असला तरी तो परत घेता येतो. उद्या वाहतुकीची पद्धत बदलली, गाड्या कमी झाल्या, दुसरा मार्ग झाला, तर ए-३०३ देखील असाच काढून टाकता येईल. पण खडकात एक किलोमीटर लांबीची खोल खिंड पाडली, की ती भरता आली तरी तिच्यात जे होते ते परत येत नाही. अर्ज तपासणाऱ्या स्वतंत्र निरीक्षकांच्या पथकाचाही आक्षेप हाच होता : नुकसान कायमचे आणि न भरून येणारे.

आजच्या कोंडीवर उपाय शोधताना पुढच्या पिढ्यांचा पर्याय संपवायचा नाही, एवढी साधी अट वारसा जपताना पाळायला हवी. या योजनेत तीच मोडत होती.

निरीक्षक म्हणाले ‘नको’, मंत्री म्हणाले ‘हो’

निरीक्षकांच्या पथकाने अनेक महिने सुनावण्या घेऊन अर्ज फेटाळण्याची शिफारस केली. तरीही नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन वाहतूक मंत्री ग्रँट शॅप्स यांनी मंजुरी दिली. ‘सेव्ह स्टोनहेंज वर्ल्ड हेरिटेज साइट’ ही मोहीम उच्च न्यायालयात गेली. जुलै २०२१ मध्ये न्यायमूर्ती होलगेट यांनी मंजुरी बेकायदा ठरवली. दोन कारणे होती. प्रत्येक वारसास्थळावर नेमका काय परिणाम होईल याची पुरेशी माहिती मंत्र्यांपुढे नव्हती. आणि पश्चिमेकडे बोगदा लांबवण्यासारख्या कमी हानिकारक पर्यायांचा विचार झाला नव्हता.

कुणाला वाटेल, संपले. पण जुलै २०२३ मध्ये पुढचे वाहतूक मंत्री मार्क हार्पर यांनी तीच योजना कागदपत्रे सुधारून पुन्हा मंजूर केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने विरोधकांच्या याचिका फेटाळल्या.

इथे एक विचित्र चित्र दिसते. आंदोलक न्यायालयात हरले आणि प्रकल्प तिजोरीत हरला. अपील न्यायालयाचा निकाल लागला तेव्हा प्रकल्प रद्द होऊन सुमारे अडीच महिने झाले होते. याचा अर्थ असा की, मंत्र्यांनी सगळे कागद नीट वाचून, ‘नुकसान होईल, पण फायदा मोठा आहे,’ असे लिहिले, तर जागतिक वारशातूनही खिंड काढणे कायद्याला मान्य होऊ शकते. न्यायालय निर्णय शहाणपणाचा आहे का, हे तपासत नाही. तो योग्य पद्धतीने घेतला का, एवढेच पाहते. वारसा कायद्याने सुरक्षित आहे, असे समजून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी हा मोठा धडा आहे.

हिशेब तरी जमत होता का?

२०१९ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने या प्रकल्पाचा हिशेब तपासला. खर्चलेल्या प्रत्येक पौंडामागे मिळणारा अंदाजे लाभ १.१५ पौंड होता. मोठ्या रस्ते प्रकल्पासाठी हा आकडा कमीच समजला जातो. गंमत पुढेच आहे. या लाभाचा मोठा हिस्सा वाचलेल्या वेळेचा किंवा इंधनाचा नव्हता. तो ‘सांस्कृतिक वारशाच्या लाभाचा’ होता. दगडांजवळून रस्ता हटवण्यासाठी तुम्ही किती पैसे द्यायला तयार आहात, असे लोकांना सर्वेक्षणात विचारून तो काढला होता.

म्हणजे वारशाला धोका असल्याचे सांगून जो प्रकल्प थांबवण्याची मागणी होत होती, त्याच वारशाच्या नावावर तो प्रकल्प कागदावर फायद्यात दाखवला जात होता. एवढे करूनही नफा पौंडामागे १५ पेन्सच. खर्च थोडा वाढला की तोही गेला. प्रत्यक्षात एक किलोमीटरही न खोदता १६ कोटी पौंडांहून अधिक रक्कम आधीच खर्च झाली होती.

युनेस्कोचा धाक किती?

युनेस्कोने अनेक वर्षे सांगितले की ही योजना आहे त्या रूपात पुढे नेऊ नका. रस्ता परिसराबाहेरून न्या, नाहीतर निदान बोगदा इतका लांब करा की पश्चिमेचे तोंड सीमेबाहेर जाईल. सरकारने ते महाग म्हणून नाकारले.

युनेस्कोकडे दंड करण्याचा अधिकार नाही. नाव काढून टाकणे एवढेच शेवटचे हत्यार आहे, आणि ते वापरले गेले आहे. जर्मनीतील ड्रेस्डेनने एल्बे नदीच्या खोऱ्यात चौपदरी पूल बांधला, म्हणून २००९ मध्ये त्या खोऱ्याचे नाव यादीतून गेले. तिथे पुलाऐवजी बोगदा करा, असे सुचवले जात होते, हे विशेष. बोगदा म्हणजे नेहमीच वाईट असे नाही. जागा कोणती आणि तोंड कुठे, यावर सगळे ठरते. २०२१ मध्ये इंग्लंडच्याच लिव्हरपूलचे बंदरही यादीबाहेर गेले. त्यानंतरही ब्रिटिश सरकारने स्टोनहेंजचा प्रकल्प रेटला. आणि दिल्लीत समितीने धोक्याची यादीही टाळली. आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठेच्या भरवशावर कुणी बसू नये, हे यातून स्पष्ट होते.

मग करायचे काय होते?

‘काहीच करू नका’ हे उत्तर नाही. पर्याय होते आणि आहेत. पहिला, दोन्ही तोंडे परिसराबाहेर ठेवणारा लांब बोगदा. महाग, पण न भरून येणारे नुकसान टाळणारा. दुसरा, दक्षिणेकडून परिसराबाहेर जाणारा रस्ता. यातही नदीखोरी आणि गावे येतात, त्यामुळे तो निर्दोष नाही. तरी त्याचा पूर्वग्रहाशिवाय पुन्हा अभ्यास व्हायला हवा. तिसरा, विंटरबोर्न स्टोकला वळसा. हे गाव वारसा परिसराच्या पश्चिमेला, बाहेर आहे. गावकऱ्यांची सुटका बोगद्याच्या नशिबाला बांधून ठेवण्याचे कारण नाही.

चौथा पर्याय रेल्वेचा. लंडनहून सॅलिसबरीमार्गे एक्सेटरला जाणारा लोहमार्ग याच दिशेने जातो. सॅलिसबरीच्या पुढे तो बराचसा एकेरी आहे. समोरून गाडी आली की एकीला थांबावे लागते. कोकण रेल्वेने प्रवास करणाऱ्यांना क्रॉसिंगसाठी थांबणे म्हणजे काय, हे सांगायला नको. बोगद्याच्या अब्जावधींतला काही भाग या मार्गाच्या दुपदरीकरणाला दिला, तर सुट्टीची काही गर्दी तरी रस्त्यावरून उतरेल. रस्ता रुंद केला की नव्या गाड्या येतात आणि कोंडी पुढच्या चौकात सरकते, हे आपण मुंबई-पुण्यात रोज पाहतो.

आपण महाराष्ट्रात हे का वाचायचे?

कारण आपल्याकडेही जमिनीवर कोरलेला प्रागैतिहासिक वारसा आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवरची कातळशिल्पे. कशेळीचा भव्य हत्ती, उक्षी, देवाचे गोठणे, बारसू, कुडोपी. गोव्यातील फणसायमाळसह अशा नऊ ठिकाणांचा समूह २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा आंदोलन पेटले आणि कातळशिल्पांचे काय होणार, हा प्रश्न राज्यभर पोहोचला.

तिथेही एक वाक्य ऐकू आले होते : शिल्पांना धक्का लागणार नाही. पण कातळशिल्प म्हणजे फक्त कोरलेली रेघ नाही. आजूबाजूचा उघडा सडा, पावसाळ्यात साचणारे पाणी, तिथून दिसणारा समुद्र किंवा खाडी हा त्याचाच भाग आहे. शिल्पाभोवती कुंपण घालून बाकीचा सडा कापला, तर उरते ते संग्रहालयातल्या तुकड्यासारखे काहीतरी. स्टोनहेंजच्या वादात नेमका हाच मुद्दा होता, आणि जगातल्या श्रीमंत देशांपैकी एकालाही तो नीट सोडवता आला नाही.

रस्ते हवेत, बोगदेही हवेत. कशेडीचा बोगदा झाला तेव्हा कोकणात जाणाऱ्यांना बरेच वाटले, मलाही वाटले. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या संरक्षित जागेखालून बोगद्याची घोषणा होईल, तेव्हा सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याआधी तीन प्रश्न विचारा. बोगद्याची दोन्ही तोंडे संरक्षित हद्दीच्या आत आहेत की बाहेर? होणारे नुकसान पन्नास वर्षांनी परत फिरवता येईल का? आणि स्वतंत्र तज्ज्ञांनी ‘नको’ म्हटले असेल, तर ‘हो’ कोणी आणि कोणत्या कारणाने म्हटले?

स्टोनहेंजच्या योजनेची तिन्ही उत्तरे चुकीची होती. आत. नाही. आणि मंत्र्यांनी. म्हणून ती पैशांअभावी थांबली याचा आनंद मानतानाही, ब्रिटिश सरकारने एक वाक्य अजून स्पष्टपणे म्हणायला हवे : पैसे असते तरी आम्ही हा बोगदा असा केला नसता. ते वाक्य येत नाही, तोवर सॅलिसबरीच्या माळावरचा हा वाद मिटला असे समजू नये.